सगळ्यांच्या वतीनं लावलेलं कुलूप

आधी कॉफी घ्या. घ्याच, कारण मध्येच उठलात तर मला हे पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागेल, आणि एकदा सांगतानाच माझे कान लाल होतात. तर झालं असं, की मी आमच्या अख्ख्या गल्लीच्या नदीच्या वाटेला कुलूप लावलं. कुणाच्या वतीनं म्हणाल? गल्लीच्याच!

तुम्ही म्हणाल, तुळजाबाई, तुम्ही मुलींच्या शाळेच्या हेडमिस्ट्रेस होऊन रिटायर झालात, व्हरांड्यात तुमच्या चपला वाजल्या की वर्गच्या वर्ग गप्प व्हायचे, आणि तुमच्या हातून हे असं? तेच तर सांगतेय. हेडमिस्ट्रेस होते म्हणूनच झालं. साधी बाई असते तर इतकं मोठं करताच आलं नसतं.

आमचं घर तंजावरजवळ तिरुवैयारुला, नदीच्या अंगाच्या शेवटच्या गल्लीत. गल्लीच्या टोकाला एक बोळ आहे, समोरून कुणी आलं तर अंग चोरावं लागतं एवढाच. तो उतरून गेलं की कावेरीची पडित्तुरै, म्हणजे घाटाच्या पायऱ्या. त्या बोळातून कोण जातं ते विचारू नका, कोण जात नाही ते विचारा. पहाटे आंघोळीची माणसं, अमावास्येला तर्पणाचे लोक, पाण्याकाठी बसून आवाज लावणारी गाण्याच्या क्लासची पोरं, फुलांवर शिंपडायला पाणी नेणारी फुलवाली पूंगोडी, आणि एक म्हैस. म्हशीला कुणी नेत नाही. ती आपली आपण जाते, आपली आपण येते.

आमचे हे, म्हणजे गोपाळराव, वीज मंडळातून रिटायर झालेले. जन्मापासून रोज सकाळी नदीवर आंघोळ. बोलणं म्हणाल तर फारच बेताचं. घरात बोलायला मी आहे, तेव्हा त्यांची त्यात कधी अडचण झाली नाही.

तर त्या बोळाच्या दोन्ही बाजूंची जागा सेल्वम नावाच्या एका भातगिरणीवाल्यानं घेतली आणि तिथं कल्याण मंडपम् बांधलं. लग्नाचं कार्यालय हो. बांधलं ते बांधलं, वर बोळाच्या तोंडाशी लोखंडी फाटक ठोकलं आणि लग्न असलं की त्याला कुलूप घालायला लागला. त्याचं म्हणणं, पंगत बसलेली असताना आत म्हैस येते. आता एकदा आली होती हे खोटं नाही. नवऱ्या मुलाच्या मामाच्या पानातलं केळं तिनं खाल्लं, तेही खरं. पण म्हणून वाट बंद? वैकासी महिन्यात, म्हणजे वैशाख-ज्येष्ठात, आमच्याकडे लग्नांचा इतका सपाटा असतो, की फाटक उघडं कधी दिसायचंच नाही. आज लग्नाच्या दिवशी बंद, उद्या कायमचं बंद, ही भीती सगळ्यांच्या पोटात होती. ती वाट गेली असती तर माणसांना हमरस्त्यानं मोठा वळसा घालून दुसऱ्या घाटावर जावं लागलं असतं, आणि म्हातारी माणसं तर गेलीच नसती.

आमच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, बैठक बसली. चिडले सगळे, पण कोर्टाचं नाव निघालं की जो तो आपल्या पायाच्या बोटांकडे बघायचा. तेवढ्यात वकील कण्णन आले. शांत माणूस, प्रत्येक वाक्याआधी चष्मा पुसतो. त्यांनी समजावलं की सगळ्यांनी कोर्टात जायची गरजच नाही. पुष्कळ लोकांचा हितसंबंध एकच असला तर त्यातल्या एकानं सगळ्यांच्या वतीनं दावा लावायचा, कोर्टाची परवानगी घ्यायची, पेपरात नोटीस द्यायची, की झालं. निकाल लागला की तो सगळ्यांना लागू. जे आले त्यांना, जे आले नाहीत त्यांनाही, ज्यांना दावा आहे हे ठाऊकच नाही त्यांनाही.

माझ्या अंगावर काटा आला बघा. एक माणूस उभं राहतं आणि त्याच्या मागं न दिसणारी एवढी माणसं उभी असतात, असलं काही कायद्यात असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. मी आयुष्यभर मुलींना भूगोल शिकवला, नद्यांची नावं पाठ करून घेतली, पण नदीला जाणाऱ्या माणसांना एका नावात बांधता येतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"मग तें एक माणूस कोण?" वाद्यारांनी पुसलं. वाद्यार म्हणजे आमचे भटजी.

मी उठून उभी राहिले. कुणी सांगितलं नव्हतं. शाळेत मॉनिटर मीच नेमायची, त्यामुळे नेमणूक माझ्या हातची आहे अशी माझी समजूत असते. आमचे हे कोपऱ्यात बसले होते. त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि कॉफीचा तंबलर खाली ठेवला, एवढंच. त्या बघण्याचा अर्थ मी तेव्हा लावायला हवा होता.

दावा लागला. मुन्सिफ कोर्टात न्यायाधीशबाई होत्या, चष्मा लावलेल्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी तमिळमध्ये वाचलं, की तुळजाबाई, स्वतःसाठी आणि सदर वाटेनं नदीवर जाणाऱ्या सर्व लोकांच्या वतीनं. सर्व लोकांच्या वतीनं! मी घरी आले तरी जमिनीवर पाय नव्हते. पेपरात नोटीस आली ती मी कापून देवघराशेजारी चिकटवली. गल्लीतून जाताना कुणी दिसलं, की मनात यायचं, हा माझ्यात आहे. ही पण माझ्यात आहे. समोरून म्हैस आली तेव्हासुद्धा मला आपलेपणा वाटला.

आणि मग आनी महिन्यात, म्हणजे ज्येष्ठ-आषाढात, सेल्वम घरी आला.

आता इथं थोडं थांबून तुम्हाला आमच्याकडची एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तुम्ही मला निव्वळ मूर्ख समजाल. आमच्या भागात देवळात असो, लग्नात असो, पहिला मान कुणाला, यावर सगळं चालतं. पहिलं तांबूल कुणाच्या हातात पडलं, रेशमी वस्त्र आधी कुणाच्या डोक्याला बांधलं, यावरून सख्खे भाऊ वर्षानुवर्षं बोलत नाहीत. आणि आम्ही मराठी घरं! तंजावरला राज्य केलेल्यांची माणसं म्हणून आम्ही घरात ताठ, पण बाहेर पहिला मान आमच्यापर्यंत कधीच येत नाही. येतो तो तिसरा नाहीतर चवथा, तोवर ताटातली सुपारी संपलेली असते. माझी आई या दुःखात गेली म्हटलं तरी चालेल.

सेल्वमनं हात जोडून सांगितलं, की टीचरम्मा, मंडपमचा जेवणाचा नवा हॉल सुरू करतोय, पहिला मान तुमचा. भांडण कोर्टात, मान मानाच्या जागी. तुम्ही आलंच पाहिजे.

मी गेले. बनारसी नव्हे, खास आरणीचं रेशमी लुगडं नेसून गेले. दारात पूर्णकुंभ, नादस्वरम्, माझ्या डोक्याला रेशमी वस्त्र, गळ्यात हार. आणि मग चांदीच्या ताटात विड्याची पानं, हळद, केळी, जाईची फुलं, आणि त्या फुलांच्या मधोमध एक सावी. सावी म्हणजे किल्ली. फाटकाची.

सेल्वम म्हणाला, "टीचरम्मा, सगळ्यांच्या वतीनं तुम्ही आहात ना? मग तुमच्या हातात दिली म्हणजे सगळ्यांच्या हातात दिली. फाटक असू द्या, कुलूप असू द्या, सावी तुमच्याकडं. तुम्ही वाट्टेल तेव्हा उघडा."

तुम्हीच सांगा, यात चूक कुठं दिसते? मला तर दिसली नाही. उलट मला वाटलं, किती सोपं. सगळे म्हणजे मी, किल्ली माझ्याकडं, म्हणजे किल्ली सगळ्यांकडं. गणितात बसतं. नादस्वरम् वाजत होतं आणि गळ्यातल्या हाराचा वास डोक्यात गेला होता. मी तिथल्या तिथं तडजोडीच्या कागदावर सही केली. सर्व लोकांच्या वतीनं.

दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन मी कण्णनांकडं गेले. वाटलं, शाबासकी मिळेल. त्यांनी कागद वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला, पुन्हा पुसला. मग म्हणाले, "अम्मा, हे तुम्हाला एकटीला करता येत नाही. अशा दाव्यात तडजोड करायची तर आधी सगळ्यांना नोटीस द्यावी लागते. सगळ्यांचं म्हणणं ऐकल्याशिवाय कोर्ट ती नोंदवत नाही."

"पण मीच तर सगळे आहे!" मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो त्यांच्या हातात नव्हता.

ठीक आहे, म्हटलं, द्या नोटीस. कोण नाही म्हणणार आहे? नोटीस पेपरात आली, तारीख पडली दोन महिन्यांनंतरची, आवणीतली. तोवर काय, तर फाटकाला कुलूप आणि कुलुपाची किल्ली माझ्या कमरेला.

आता गंमत बघा. आधी फाटक बंद असायचं ते फक्त लग्नाच्या दिवशी. माझ्या तडजोडीनंतर ते रोज बंद! कारण कुलूप आहे म्हटल्यावर ते लावायला नको? मी तर काही हातात घेतलं की नीट करते. पहाटे दार वाजायचं. टीचरम्मा, सावी. मी उठून जायची, उघडायची, उभी राहायची. ते परत येईपर्यंत कुलूप उघडं ठेवणं बेशिस्तपणाचं, म्हणून ते आत गेले की मी लावून घ्यायची. मग आतून हाका. टीचरम्मा, बाहेर यायचंय. मग पूंगोडी फुलांचं पाणी न्यायला. मग गाण्याची पोरं. त्यांना मी म्हटलं, आवाज लावायला ठरावीक वेळेला या, असं केव्हाही नाही चालायचं. मग म्हैस. म्हैस काही बोलायची नाही. फाटकाशी येऊन नुसती माझ्या घराकडं तोंड करून उभी राहायची, आणि मला घरात बसवत नसे.

शेवटी मी वेळा ठरवून दिल्या. सकाळची वेळ, दुपारची वेळ, संध्याकाळची वेळ, शाळेसारख्या. फाटकावर पाटी लावली. खाली सही, सर्व लोकांच्या वतीनं तुळजाबाई. वाद्यारांनी एकदा फार नम्रपणे पुसलं, की अमावास्या लागते ती पंचांगाच्या वेळेनं, टीचरम्मांच्या वेळेनं ती कशी लावून घ्यावी? मी त्यांनाही समजावून सांगितलं की शिस्त म्हणून काही आहे की नाही.

आमच्या ह्यांची वेळ पहाटेची. माझी पहिली वेळ तिच्या नंतरची. घरात किल्ली, पण नवरा म्हणून सवलत दिली तर लोक काय म्हणतील? त्यामुळे ते आपले टॉवेल खांद्यावर टाकून ओट्यावर बसून राहायचे. मी म्हणायची, अहो, थोडं थांबा. ते थांबायचे. काही बोलायचे नाहीत. मला वाटायचं, किती समजूतदार माणूस आहे.

आणि मग आली आडि-पेरुक्कु.

तुम्हाला ठाऊक आहे ना हा सण? आडि महिन्यात कावेरीला नवं पाणी येतं. बायका चित्रान्न करून, हळदीचा दोरा, काळे मणी, फुलं, फळं घेऊन नदीवर जातात, पाण्याला पूजतात. ते म्हणजे कावेरीचं डोहाळजेवणच. आणि आडि महिन्यात आमच्याकडे लग्न नसतं. एकही नसतं. म्हणजे माझी तडजोड नसती तर त्या दिवशी फाटक सताड उघडं असतं, सेल्वमनं स्वतः उघडं ठेवलं असतं. हे मला नंतर सुचलं. सगळं चांगलं मला नंतरच सुचतं.

त्याच दिवशी तंजावरला राजवाड्यामागच्या गल्लीत माझ्या आतेबहिणीच्या नातवाचं बारसं. मी भल्या सकाळी बस धरली. तिकडं पाळणा झाला, जेवणं झाली, दह्यातली डांगर पच्चडि फार सुरेख झाली होती, मी पुन्हा वाढून घेतली. विडा खायला बसले, कमरेची चंची काढायला हात घातला, आणि चंचीच्या आधी हाताला लागली सावी.

परतीची बस किती हळू गेली ते विचारू नका. कालव्याकाठी प्रत्येक नारळाशी थांबल्यासारखी वाटली. गल्लीत शिरले, तर वाटलं होतं आता आरडाओरडा होणार, मला ते परवडलं असतं. ओरडणाऱ्यांना मी गप्प करू शकते, तेच तर आयुष्यभर केलं. पण गल्लीत आवाजच नव्हता.

फाटकासमोर बायका बसल्या होत्या. आमच्या गल्लीतल्या, बाजूच्या गल्लीतल्या, शेतावरच्या गावातनं आलेल्या, नव्या लग्नाच्या पोरी, म्हाताऱ्या. फाटकाच्या गजांना हळदीचे दोरे बांधलेले. फुलं बाहेरूनच वाहिलेली. नदीचा आवाज मात्र ऐकू येत होता, नवं पाणी ना, त्या दिवशी तो घरातही येतो. त्या सगळ्या त्या आवाजाकडं तोंड करून हात जोडून बसल्या होत्या. नदी दिसत नव्हती, तरी त्यांनी तिची पूजा केली होती. मी खूप पूजा बघितल्यात, पण अशी नाही बघितली.

पूंगोडीनं मला बघितलं. उठली, बाजूला सरली आणि मला कुलुपाशी जायला वाट करून दिली. म्हणाली, "या टीचरम्मा. तुमचीच वाट बघत होतो." टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर बरं झालं असतं.

मी कुलूप काढलं ते पुन्हा लावलंच नाही. फाटक उघडं टाकून घरी आले. त्या संध्याकाळी मी सेल्वमकडं गेले आणि म्हटलं, ही सावी घे, मला नको, नाहीतर घरटी एकेक करून दे. तो हात जोडून म्हणाला, की अम्मा, कागदावर सही आहे, सावी एकट्या प्रतिनिधीकडं असंच ठरलंय, आता कोर्टाचं काय ते बघू. आणि रात्री येऊन त्याच्या माणसानं फाटकाला दुसरं कुलूप घातलं.

आता मला भीती वाटायला लागली. माझ्यामुळं ती वाट खरोखर जाणार होती. सकाळीच कण्णनांकडं गेले, म्हटलं मला ती तडजोड मागं घ्यायची आहे. ते म्हणाले, तारखेला बघू, पण त्याआधी एक बातमी आहे. कोर्टात एक अर्ज आलाय. दावा चालवणारी बाई तो नीट चालवत नाही, तेव्हा तिला काढून तोच हितसंबंध असलेलं दुसरं माणूस तिच्या जागी नेमावं, असं कायद्यात करता येतं, तसा अर्ज आहे.

मी पुढं वाकून विचारलं, "कुणी केला?"

कण्णन चष्मा पुसत राहिले. पुसतच राहिले. मग म्हणाले, "नाव तुम्ही घरी जाऊन विचारलेलं बरं. पत्ता तुमचाच आहे."

घरी आले. आमचे हे ओट्यावर बसले होते, टॉवेल खांद्यावर. मी समोर उभी राहिले, कमरेवर हात ठेवून, जसं शाळेत राहायची. तो पवित्रा बघून चांगल्या चांगल्यांचे पाय लटपटलेत.

"अहो, तुम्हीं केलां अर्ज?"

"केलों," ते म्हणाले. "मज रोज नदीस जायाचं असतं. सावी तुझ्यापासीं असते. मग काय करूं?"

"मला सांगायचं होतं ना!"

"तुला सांगितलों असतों तर तूं वेळ ठरवून दिली असतीस."

बास. त्या दिवशीचं बोलणं त्यांनी एवढ्यात संपवलं आणि पेपर उघडला. मी आत गेले आणि चूल न पेटवलेल्या स्वयंपाकघरात उगीच कितीतरी वेळ उभी राहिले. राग आला होता का? आला होता. पण त्याहून जास्त, खरं सांगते, आश्चर्य वाटलं. इतकी वर्षं ज्या माणसाला मी घरातला सगळ्यात शेवटचा बाक समजत होते, तो एकटा वकिलाकडं जाऊन कागदावर सही करून आला होता. आणि सगळ्यांच्या आधी.

आवणीतली तारीख आली. मला वाटलं होतं, गल्लीतली चारदोन माणसं येतील. कोर्टाच्या आवाराशी पोचले आणि पाय थांबले.

बाहेरच्या लिंबाखाली माणसं. व्हरांड्यात माणसं. जिन्यावर माणसं. गल्लीतले होतेच, पण मी जन्मात न बघितलेली माणसंही होती. नदीपलीकडच्या खेड्यातले शेतकरी, सायकली भिंतीला टेकवून. वर्षातून एकदाच आडि-पेरुक्कुला येणाऱ्या बायका. तिरुचीहून आलेला एक तरुण, त्याच्या वडिलांच्या अस्थी त्यानं त्याच पायऱ्यांवरून सोडल्या होत्या. गाण्याचे मास्तर आपल्या सगळ्या पोरांना घेऊन. ही सगळी पेपरातली ती बारीक अक्षरातली नोटीस वाचून आली होती, किंवा कुणी वाचून दाखवली म्हणून आली होती. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. आणि कुणीही माझ्याकडं बघत नव्हतं.

न्यायाधीशबाई येऊन बसल्या. दाराबाहेर नजर गेली आणि त्यांनी कण्णनांना विचारलं, ही सगळी माणसं कोण?

कण्णन उभे राहिले. या वेळी चष्म्याला हात लावला नाही. म्हणाले, "अम्मा, दाव्यात 'आणि इतर सर्व लोक' असं लिहिलंय ना? ते हे."

काय सांगू तुम्हाला! मी इतके दिवस 'सर्व लोक' म्हणत होते ते कुणाला म्हणत होते? मी मनात एक मोठी तुळजाबाई धरली होती, एवढंच. सर्व लोक हे असे असतात. त्यांना घामाचा वास असतो, त्यांच्या पायाला चिखल असतो, ते उन्हात उभे राहतात आणि त्यांची नावं मला ठाऊक नसतात. आणि माझ्यासारख्या बाईनं हात हलवला की त्या सगळ्यांची वाट बंद होते. माझे डोळे भरून आले, लाजेनंही आणि त्यांना बघूनही.

न्यायाधीशबाईंनी पुष्कळांचं ऐकून घेतलं. कुणालाही घाई केली नाही. त्या तिरुचीच्या तरुणाला बोलताना रडू आलं तेव्हा त्याला पाणी द्यायला सांगितलं. मग म्हणाल्या, ही तडजोड नोंदवता येणार नाही, ज्यांच्या वतीनं ती केली त्यातल्या एकालाही ती मान्य दिसत नाही. निकाल लागेपर्यंत फाटक उघडं राहील आणि त्याला कुलूप घालायचं नाही, सेल्वमनंही नाही आणि वादीनंही नाही. 'वादीनंही नाही' म्हणताना त्यांनी माझ्याकडं बघितलं. सेल्वम खाली बघत होता. आम्ही दोघं मिळून खाली बघत होतो.

मग आमच्या ह्यांचा अर्ज निघाला. ते उभे राहिले, धुतलेली वेष्टी, म्हणजे धोतर, कपाळाला विभूती. बाईंनी विचारलं, दावा तुम्ही का चालवावा असं तुम्हाला वाटतं? मला वाटलं, आता हे गप्प बसणार. तर म्हणाले, तमिळमध्ये, अगदी सावकाश, की मी रोज त्या वाटेनं जातो, त्यामुळं त्या वाटेवर कोण कोण जातं ते मला दिसतं. मी कुणाचा पुढारी नाही. मला फक्त त्यांच्या मागून चालायची सवय आहे.

त्यांच्या तोंडून एका दमात एवढं मी लग्नानंतर कधी ऐकलं नव्हतं. मी तोंड उघडं टाकून बघतच राहिले. ह्या माणसाबरोबर मी इतकी वर्षं कॉफी पितेय?

न्यायाधीशबाईंनी अर्ज पुन्हा एकदा वाचला. मग दाराकडं बघून म्हणाल्या, वादीला बदलून यांना नेमावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावेत, म्हणजे मला दिसेल.

हात वर झाले. आतले, दारातले, व्हरांड्यातले. खिडकीच्या गजांतून बाहेरचे हात आत आले. बांगड्यांचे, भेगाळलेले, मेंदीचे. गाण्याच्या पोरांचे इवलेसे. लिंबाखालच्या लोकांना आतलं काही ऐकू येत नव्हतं, पण बाकीचे करतात ते बघून त्यांनीही केले. एकही हात खाली नव्हता. इतकी माणसं इतकी एका मनाची झालेली मी कधी बघितली नव्हती. शाळेच्या प्रार्थनेतसुद्धा कुणीतरी चिमटा काढतंच. मी भान हरपून बघत होते. किती सुंदर, किती सुंदर, असं मनात चाललं होतं.

"टीचरम्मा," न्यायाधीशबाईंचा आवाज आला. "तुम्हीसुद्धा?"

मी वर बघितलं. सगळ्यात पुढं, सगळ्यात उंच, कोपरात जराही न वाकलेला एक हात होता. आरणीच्या लुगड्याच्या पदराखालून निघालेला. माझा.

खाली घ्यावा असं क्षणभर वाटलं. पण घेतला नाही. म्हटलं, "अम्मा, माझा हितसंबंध तोच आहे. मलाही नदीस जायचंय."

बाईंनी मान खाली घालून लिहायला सांगितलं, की वादीला बदलण्यास कुणाचीही हरकत नाही, वादीचीही नाही. कण्णन रुमालात तोंड घालून खोकत होते.

इतकी वर्षं शाळा चालवली, तेवढ्या काळात माझ्याविरुद्ध हात वर करायची एकाही मास्तरणीची, एकाही मुलीची छाती झाली नाही. झाली ती शेवटी माझीच.